कॅम्पर आणि घर, दोन्हींसाठी हवेचं एकच मशीन चालेल का?

हवा भरायच्या पोर्टेबल मशीनच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते '१५० पीएसआय' (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप). खरेदी करताना सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा तोच. कारला लागतात ३३ पीएसआय, स्कूटरला पुढे २२ आणि मागे २९ च्या आसपास. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या कॅम्परला, म्हणजे झोपायची सोय असलेल्या फिरत्या घराला, टायर आणि वजन बघून ५५ ते ६५. दीडशे कोणालाच लागत नाहीत. पंपाचं तोंड बंद केलं की आतला दाब कुठपर्यंत चढतो एवढंच तो आकडा सांगतो, आणि त्या टोकाला पंप जवळजवळ काहीच हवा ढकलत नसतो.

विचारायचं असतं ते वेगळंच. माझ्या टायरच्या दाबाला हे मशीन मिनिटाला किती लिटर हवा देतं? न थांबता किती मिनिटं चालतं? किती अ‍ॅम्पियर ओढतं? ही उत्तरं खोक्यावर अर्धवट असतात किंवा नसतातच, पण थोडा हिशोब केला की बाहेर काढता येतात.

आधी टायरमध्ये मावतं किती ते पाहू. १८५/६५ आर १५ या कारच्या टायरच्या पोटात साधारण २८ लिटर जागा असते. २१५/७५ आर १५ च्या लाइट ट्रक टायरमध्ये ४७-४८ लिटर. दाब जितके पीएसआय वाढवायचा त्याला १४.७ ने भागायचं आणि टायरच्या लिटरने गुणायचं. जे येईल तेवढी बाहेरची मोकळी हवा आत कोंबावी लागते. कार २० वरून ३५ ला न्यायची तर १५ भागिले १४.७ गुणिले २८, म्हणजे साडेअठ्ठावीस लिटर. कॅम्परचा टायर ४० वरून ६० ला न्यायचा तर एका टायरला ६५ लिटर. मागे जोडचाकं असतील तर सहा टायरांचे ३९० लिटर.

आता पंप. खोक्यावर '३५ लिटर प्रति मिनिट' असतं ते नळीचं तोंड मोकळं असताना. दाब चढला की आकडा घसरतो. एका पिस्टनच्या साध्या पंपाचा तो ३० पीएसआयला २०-२२ वर येतो आणि ६० ला १२ ते १५ वर. पिस्टन खाली जाताना बाहेरची हवा आत घ्यायच्या आधी सिलिंडरच्या डोक्यातल्या फटीत अडकलेली जुनी दाबलेली हवा पसरते, त्यामुळे नवी हवा कमी शिरते. शिवाय ओझं वाढलं की मोटरचे फेरे कमी होतात. त्यात पंप तापला की पिस्टनभोवतीची टेफ्लॉनची वाटी नीट बसत नाही आणि थोडी हवा बाजूने निसटते.

प्लास्टिकच्या अंगाचा, लायटरच्या सॉकेटवर चालणारा स्वस्त पंप ५० पीएसआयच्या आसपास मिनिटाला ८ लिटर देतो असं धरा. कॅम्परच्या एका टायरला आठ मिनिटं, सहांना ४८ मिनिटं. तक्रार करण्याइतकं हे मोठं वाटत नाही. पण असे पंप दहा मिनिटं चालवून वीस मिनिटं थंड करायचे असतात. ४८ मिनिटांच्या चालीत चार विश्रांत्या येतात, म्हणजे ८० मिनिटं. एकूण सव्वादोन तासांच्या जवळ. दाबाला खरे २० लिटर देणारा पंप तेच काम वीस मिनिटांत उरकतो आणि मध्ये फार तर एकदा थांबतो.

दुकानात किंवा घरी आणल्यावर परत करायच्या मुदतीत हाच हिशोब उलटा करून बघा. कारच्या टायरची हवा २० पर्यंत सोडा, ३५ पर्यंत भरा, घड्याळ लावा. दोन मिनिटं लागली तर पंप सरासरी १४ लिटर देतो. चार लागली तर सात. जाहिरातीत '२ मिनिटांत टायर फुल' असतं तेव्हा कुठला टायर, कितीपासून कितीपर्यंत, हे बारीक अक्षरांत शोधा. बहुतेक वेळा छोट्या हॅचबॅकचा टायर असतो आणि २५ वरून सुरुवात केलेली असते.

वीज कुठून घेणार

माझ्या मते निवड इथेच ठरते. लायटरच्या सॉकेटला १० ते १५ अ‍ॅम्पियरचा फ्यूज असतो. १२ व्होल्टला १५ अ‍ॅम्पियर म्हणजे १८० वॅट, आणि तेही काठावर. त्यामुळे सॉकेटवर चालणारं कुठलंही मशीन यापेक्षा ताकदवान असूच शकत नाही, मग त्याच्यावर 'हेवी ड्युटी' लिहिलेलं असो की 'ट्विन सिलिंडर'. बरेचदा तोच फ्यूज यूएसबी पॉइंटला किंवा म्युझिक सिस्टिमला पण असतो. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा लावा. १५ च्या जागी २० चा टाकला तर फ्यूज वाचतो आणि डॅशबोर्डमागची वायर भाजते.

सॉकेटची दुसरी गोम प्लगच्या टोकाला असलेल्या स्प्रिंगच्या पिनची. ती सैल बसली की तिथे रोध वाढतो, पिन तापते, भोवतीचं प्लास्टिक मऊ होतं, पिन आणखी सैल होते. पंप मध्येच मंद पडतो आणि मालक पंपाला शिव्या देतो. पाच मिनिटं चालवून प्लग काढा आणि टोकाला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट आणि प्लगची जोडी जमत नाही.

कॅम्परसाठी म्हणूनच चिमटे लावून थेट बॅटरीवर चालणारं, धातूच्या अंगाचं मशीन घ्यावं. ते २० ते ३० अ‍ॅम्पियर ओढतं, मोठं जोडसिलिंडर असेल तर त्याहून जास्त. त्याच्या वायरीत, चिमट्याजवळच, फ्यूज असायलाच हवा. नसेल तर ते मशीन घेऊ नका. फ्यूज पंपाच्या टोकाला असून उपयोग नाही, कारण मध्ये वायर कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली तर बॅटरी ते फ्यूजपर्यंतचा तुकडा बेवारस असतो.

मागचं चाक बॅटरीपासून लांब असतं. तेव्हा वायर वाढवायची की हवेची नळी? नळी, नेहमी नळी. ३० अ‍ॅम्पियरला पाच मीटर लांब, ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लावली तरी जाऊन-येऊन दहा मीटरवर जवळजवळ एक व्होल्ट गळतो. अडीच चौरस मिलिमीटरची घरगुती वायर लावली तर दोन व्होल्टच्या वर. बारा व्होल्टातले दोन गेले की पंप फक्त आवाज करतो. हवेच्या नळीत मात्र या प्रमाणाच्या प्रवाहाला दहा मीटरला फारसं नुकसान होत नाही. ८ मिलिमीटरची पीयू (पॉलियुरेथेन) नळी आणि दोन्ही टोकांना झटपट जोडणारे कपलर, एवढ्याने काम भागतं.

इंजिन चालू ठेवून हवा भरा. चालू इंजिनला १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात, बंद असताना १२.२ च्या आसपास, आणि हा फरक पंपाच्या वेगात थेट दिसतो. बंद शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये मात्र नको, धूर साठतो. हँडब्रेक ओढलेला हवा, न्यूट्रल तपासलेला हवा. मागच्या केबिनमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर इंजिनची गरजच नाही. ती १३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहते आणि तिच्या संरक्षक सर्किटला ३० अ‍ॅम्पियर म्हणजे काहीच नाही. अशा कॅम्परमध्ये मागच्या दाराजवळ ५० अ‍ॅम्पियरचा अँडरसन प्रकारचा जोड (जास्त करंट झेलणारा प्लग) आणि त्यामागे ४० चा फ्यूज बसवून घेतला तर चिमट्यांची कटकटच संपते.

नव्या बीएस-६ गाड्यांत बऱ्याच ठिकाणी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. काळा चिमटा त्या टोकाला न लावता इंजिनच्या किंवा चासीच्या उघड्या बोल्टला लावा, म्हणजे सेन्सरचा हिशोब चुकत नाही. आणि आयशर किंवा तत्सम बस-ट्रकच्या चासीवर बांधलेला मोठा कॅम्पर असेल तर आधी व्होल्टेज बघा. त्या गाड्या बऱ्याचदा २४ व्होल्टच्या असतात. १२ व्होल्टचा पंप तिथे थेट लावला तर पहिली काही सेकंदं झकास चालतो.

चार्जिंगवाले छोटे इन्फ्लेटर

हातात मावणारे, बॅटरी आतच असलेले इन्फ्लेटर आज सगळ्यात जास्त खपतात. त्यांच्याबद्दल माझं मत मिश्र आहे. स्कूटर, सायकल, फुटबॉल आणि कारला महिन्याकाठी दोन-तीन पीएसआयची भर घालायला यांच्याइतकं सोयीचं काही नाही. कॅम्परला नाही.

कारण साधं आहे. ७.४ व्होल्ट, २००० एमएएच म्हणजे १५ वॅट-अवर. पंप ८० वॅट ओढत असेल तर अकरा मिनिटं. तेवढ्यात कारचे तीनेक टायर २० वरून ३५ ला जातात, किंवा कॅम्परचा एकच टायर कसाबसा ४० वरून ६० ला. घेताना एमएएच बघून भुलू नका, वॅट-अवर बघा. सेल एकामागोमाग जोडलेले असताना त्यांच्या एमएएचची बेरीज करून मोठा आकडा छापणारे विक्रेते आहेत.

दुसरं, ते गाडीत ठेवून देऊ नका. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत ६० अंशांच्या वर जातं आणि लिथियमचे सेल त्यात लवकर म्हातारे होतात. घरात ठेवा, दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा. नाहीतर पंक्चर झाल्यावर ते रिकामं निघतं, आणि पंक्चर घरासमोर कधी होत नाही.

घरात आधीपासून १८ व्होल्टचं ड्रिल असेल तर मधला मार्ग चांगला आहे. मकिता, बॉश, डिवॉल्ट यांचे त्याच बॅटरीवर चालणारे इन्फ्लेटर मिळतात. ४ अ‍ॅम्पियर-अवरची १८ व्होल्टची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-अवर, त्या छोट्या डबीच्या जवळजवळ पाचपट. बॅटरी वेगळी चार्ज होते आणि बिघडली तर वेगळी बदलता येते.

तेच मशीन घरी चालवायचं तर

आपल्याकडे यावर एक हाताशी असलेला उपाय आहे, तो म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी. १५० अ‍ॅम्पियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी १२ व्होल्टचीच असते. ३० अ‍ॅम्पियरचा पंप दहा मिनिटं चालला तर पाच अ‍ॅम्पियर-अवर जातात, बॅटरीला पत्ताही लागत नाही. दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर असेल तर एकत्रित २४ व्होल्ट असतात, तेव्हा चिमटे एकाच बॅटरीच्या दोन टोकांना लावा. एक काळजी घ्या. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि चिमटा लावताना ठिणगी पडते. म्हणून इन्व्हर्टर बंद करा, खिडकी उघडा, पंपाचा स्विच बंद ठेवून आधी चिमटे लावा, मग पंप चालू करा. काढताना उलट क्रम.

बॅटरी जिन्याखाली आणि गाडी फाटकाबाहेर असेल तर १२ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे घरची वीज १२ व्होल्टची करून देणारा डबा, घ्या, एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तसा. फक्त पंप १५ अ‍ॅम्पियरचा म्हणून एसएमपीएसही १५ चा घेतला तर तो चालू होणार नाही. मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट मागते, एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद. पंप नुसताच टकटक करत राहतो. दुप्पट क्षमतेचा, म्हणजे ३० अ‍ॅम्पियरचा घ्या. बऱ्याच मॉडेलांवर टर्मिनलजवळ एक बारीक स्क्रू असतो, त्याने व्होल्टेज १३.५ पर्यंत चढवता येतं.

तर टायरांपुरतं बोलायचं झालं तर एक मशीन दोन्हीकडे चालतं. पण 'घरी वापरायचं' म्हणताना लोकांच्या मनात टायरांपलीकडचं असतं. एसीच्या जाळ्या उडवायच्या, कॉम्प्युटरमधली धूळ काढायची, दिवाळीत ग्रिलला रंग मारायचा. इथे १२ व्होल्टचा पंप पूर्णपणे निरुपयोगी आहे. धूळ उडवायची गन मिनिटाला दीडशे लिटर सहज खाते. रंगाची मोठी स्प्रे गन २०० ते ४००. वीस लिटर देणाऱ्या पंपाला गन लावली तर फुंकर मारल्यासारखी हवा येते. नुसत्या धुळीसाठी हाताचा इलेक्ट्रिक ब्लोअर घ्या. तो स्वस्त आहे, त्याला टाकी लागत नाही आणि एसीची जाळी त्याने जास्त चांगली निघते. हवेच्या गादीलाही तोच नियम. डबल गादीत ५०० लिटर हवा मावते आणि दाब अर्धा पीएसआयसुद्धा नसतो. टायरचा पंप त्यावर पंधरा ते पंचवीस मिनिटं घालवून स्वतःला तापवून घेईल, गादीचा पंखेवाला पंप दोन मिनिटांत भरेल.

टाकीचा कॉम्प्रेसर घ्यायचाच असेल तर २४ लिटर टाकीचा, तेलविरहित, पाऊण किंवा एक अश्वशक्तीचा घरगुती कामाला पुरतो. त्याचाही हिशोब बघा. २४ लिटरची टाकी ८ बारला (एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय) भरली आणि ४ बारपर्यंत वापरली तर हाती येते ९६ लिटर हवा. गनला दीडशे लिटर लागत असतील तर चाळीस सेकंदांच्या आत टाकी खाली, मग मोटर जे देईल ते. एक अश्वशक्तीची मोटर दाबाला प्रत्यक्षात साधारण ७० ते ९० लिटर देते. म्हणजे थोडं उडवा, थांबा, पुन्हा उडवा. एअरब्रश मिनिटाला १०-२० लिटरवर भागतो, त्याला हा कॉम्प्रेसर दिवसभर पुरेल. पेणच्या गणपती कारखान्यांसारखं मोठ्या गनने सलग रंगकाम करायचं तर मात्र टाकी आणि मोटर दोन्ही कितीतरी मोठी लागतात. घरगुती मशीनकडून ती अपेक्षा नको.

तेलाचा की बिनतेलाचा? तेलाचा जास्त टिकतो आणि आवाज कमी करतो, पण तिरका झाला की तेल वर चढतं आणि हवेत तेलाचे कण येतात. गाडीत घालून न्यायचा असेल किंवा रंगकाम करायचं असेल तर बिनतेलाचा. त्यातही दोन जाती आहेत. स्वस्त, मिनिटाला २८०० फेऱ्यांचे, ९० डेसिबलच्या पुढे जाणारे, ज्यांच्यामुळे सोसायटीत पहिल्याच रविवारी तक्रार येते. आणि १४०० फेऱ्यांचे, 'सायलेंट' म्हणून विकले जाणारे, ६०-७० डेसिबलचे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुसऱ्यासाठी जास्तीचे पैसे मोजा.

हा घरचा कॉम्प्रेसर कॅम्परमध्ये इन्व्हर्टरवर चालवायचा विचार मनात आला तर आधी गुणाकार करा. ७५० वॅट, इन्व्हर्टरचं नुकसान धरून, १२ व्होल्टच्या बॅटरीतून ७० अ‍ॅम्पियरच्या वर. मोटर सुरू होताना त्याच्या पाच-सहापट झटका. हजार-दीड हजार वॅटचा इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. वीसेक किलोचं धूड घेऊन फिरण्यापेक्षा दोन वेगळी मशीनं बरी: कॅम्परमध्ये चिमट्यांचं १२ व्होल्टवालं, घरी गरज असेल तरच टाकीवालं.

टाकीवाल्याची सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. कारणं बहुतेक वेळा दोन. एक, मशीन बंद होताना डोक्यातला दाब सोडणारी छोटी झडप अडकली आहे. बंद होताना 'फुस्स' असा आवाज येत नसेल तर तीच. दुसरं, व्होल्टेज कमी. गावाकडे संध्याकाळी १८० व्होल्टवर आलेली लाइन, त्यात पंधरा मीटरची बारीक एक्स्टेन्शन. उपाय तोच जो १२ व्होल्टला सांगितला: मशीन १६ अ‍ॅम्पियरच्या सॉकेटजवळ ठेवा, एक्स्टेन्शन लागलीच तर अडीच चौरस मिलिमीटरची, आणि अंतर हवेच्या नळीने कापा. गुणगुणत ठेवू नका, दहा-पंधरा सेकंदांत बंद करून टाकीतली हवा सोडा आणि रिकाम्या टाकीवर सुरू करून बघा.

टाकीचं पाणी हा कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात खरा प्रश्न आहे. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. हवा ८ बारला दाबून थंड झाली की त्यातलं जवळजवळ २० ग्रॅम तिला धरून ठेवता येत नाही. म्हणजे २४ लिटरची टाकी एकदा भरली की चमचाभर पाणी तळाशी. महिनाभर निचरा उघडला नाही तर टाकी आतून गंजते, आणि गंजून पातळ झालेली टाकी दाबाखाली फुटते, ती बॉम्बच. रोज काम झालं की खालचा नट उघडा, पाणी आणि हवा दोन्ही जाऊ द्या, उघडाच ठेवा. रंगकामाला रेग्युलेटरसोबत पाणी अडवणारा फिल्टर लावा, नाहीतर रंगावर ठिपके.

डोंगरात

कॅम्पर घेतलेला मराठी माणूस एकदा तरी स्पिती किंवा लडाखचा बेत आखतोच. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. पंपाचा पिस्टन तेवढंच पोट भरतो, पण हवा विरळ. इथे आठ मिनिटं लागत असतील तर तिथे बारा आणि वर थोडी. खारदुंगलाला दुप्पट. पंप जास्त वेळ चालतो आणि विरळ हवा त्याला थंडही कमी करते, त्यामुळे विश्रांती लांबवा.

टायरच्या गेजचं काय होतं यावर गोंधळ असतो. बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे लेहला गेज साधारण ५ पीएसआय जास्त दाखवायला लागतो. पण त्याच वेळी थंडी पडते. ६५ ला भरलेला टायर ३० अंशांवरून पहाटेच्या ५ अंशांवर आला तर साडेसहा पीएसआय उतरतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. तेव्हा वर गेल्यावर घाबरून हवा सोडू नका. सकाळी, गाडी हलायच्या आधी मोजा आणि फरक दोन-तीन पीएसआयच्या वर असेल तरच हात लावा. कमी उंचीला, म्हणजे महाबळेश्वरपर्यंत वगैरे, फरक दोन पीएसआयचा. विसरून जा.

रेतीत टायर मऊ करून, म्हणजे १८-२० पर्यंत हवा सोडून, गाडी चालवायची ती जैसलमेरकडच्या वाळूत. हे वजनदार कॅम्परचं काम नाही, आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर तर गाडी उतरवणं गुन्हा आहे.

गेज, तोटी आणि मोडतोड

पंपावरचा गेज चालू असताना खोटं बोलतो. तो नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नाही, आणि वाहत्या हवेत नळीतला दाब नेहमी जास्त. पंप थांबवा, मग वाचा. ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होणाऱ्या मशीनमध्येही एक-दोन पीएसआयचा फरक येतो. वेगळा चांगला गेज घ्या आणि सगळीकडे तोच वापरा. पेट्रोल पंपावरचा, पंक्चरवाल्याचा आणि आपला असे तीन आकडे जुळवत बसण्यात अर्थ नाही.

तोटी आटे फिरवून बसणारी असेल तर ती घट्ट बसते, पण काढताना दोन-तीन सेकंद हवा गळते. कारला दोन पीएसआय जातात, सायकलच्या ट्यूबचे दहा. अंगठ्याने दाबायची तरफवाली पटकन निघते, पण तिचं रबर वर्षभरात झिजतं. कॅम्परच्या जोडचाकांतल्या आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह साध्या तोटीने सापडतच नाही. त्याला लांब दांड्याची, दोन्ही बाजूंनी तोंड असलेली ट्रकवाली तोटी लागते. मशीन घेतानाच घ्या, रस्त्यात मिळत नाही.

साध्या सायकलचा व्हॉल्व्ह कारच्या जातीचा नसतो. त्यावर बारीक रबरी नळी चढवलेली असते, तिच्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो. सायकलची ट्यूब इवलीशी असते, त्यामुळे मोठा पंप लावला तर काही सेकंदांत भरून फुटते. दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांनी भरा. फुटबॉलची सुई आधी पाण्यात किंवा थुंकीने ओली करा.

मशीन मरतं ते कसं? स्वस्तातल्यात नळी पंपाला जिथे दाबून बसवलेली असते तिथून फाटते, कारण तिथला पितळी तुकडा शंभर अंशांच्या आसपास तापतो आणि रबर मऊ होतं. त्या तुकड्याला भरून झाल्यावर लगेच हात लावू नका, फोड येतो. मग झडपेची पातळ पट्टी: धुळीचा कण अडकला की पंप आवाज तोच करतो पण हवा निम्मी देतो. डोक्याचे चार स्क्रू उघडून पट्टी कापडाने पुसली की पुष्कळदा पुन्हा जिवंत होतो. धूळ आत जाऊ नये म्हणून हवा घेण्याच्या तोंडाशी स्पंजचा तुकडा असतो. कच्च्या रस्त्याच्या प्रवासानंतर तो साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवून बसवा, आणि पंप जमिनीवर न ठेवता पायरीवर किंवा पाटावर ठेवून चालवा. घेताना आपोआप बंद होणारं उष्णतेचं संरक्षण आहे का, कार्बन ब्रश आणि पिस्टनची वाटी सुटी मिळते का, हे विचारा. दुकानदार 'पूर्ण मशीन बदलून देतो' म्हणाला तर समजा की सुटे भाग मिळत नाहीत.

पावसाळाभर मशीन न वापरता पडून असेल तर कपलरच्या तोंडाला टोपी लावून ठेवा. कुंभारमाशी त्या भोकात मातीचं घर करते, आणि पहिल्या झटक्याला ती माती थेट व्हॉल्व्हमध्ये जाते.

पंक्चर स्ट्रिपचा संच, व्हॉल्व्हची पिन आणि ती काढायची छोटी चावी, पाच-सहा व्हॉल्व्ह टोप्या, त्याच आकड्याचे तीन फ्यूज आणि साबणाच्या पाण्याची छोटी स्प्रे बाटली हे पंपाच्याच पिशवीत असू द्या. टायरची कड रिमवरून पूर्ण सुटली असेल तर मात्र बारा व्होल्टच्या पंपाने ती बसणार नाही, हवा जितकी भराल तितकी फटीतून जाते. तिथे स्टेपनी लावायची आणि तो टायर टाकीचा कॉम्प्रेसर असलेल्या पंक्चरवाल्याकडे न्यायचा.